दहा मिनिटांची वर्गभेट

(संस्थेच्या शिक्षक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षकांची गुणवत्ता कशी वाढेल, या विषयावर मी बोलावे अशी संस्थेची आज्ञा झाली. विषय फार मोठा आहे. त्यातला एक लहानसा, पण रोजच्या रोज करता येण्याजोगा भाग मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे. मुख्याध्यापकांनी किंवा एखाद्या सहकाऱ्याने वर्गात दहा मिनिटे येऊन बसावे आणि त्याच दिवशी शिक्षकाशी पाच मिनिटे बोलावे, एवढीच ती गोष्ट आहे. तिला पैसा लागत नाही, शासनाची मंजुरी लागत नाही. तरीही ती आपल्या शाळांतून क्वचितच घडते. ती का घडत नाही आणि कशी घडवून आणता येईल, याचा विचार आपण करू. हे भाषण स्मरणिकेत छापले जाणार असल्याने जे पालक व वाचक येथे हजर नाहीत, त्यांनाही माझे म्हणणे उद्देशून आहे असे समजावे.

प्रथम 'तपासणी' या शब्दाकडे पाहू. हा शब्द उच्चारताच शिक्षकाच्या पोटात गोळा येतो. याचे मूळ जुने आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण ठरले आणि अनुदानाबरोबर तपासणी आली. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात शिक्षण खाते सुरू झाले. त्या काळी तपासणीसाच्या हुद्द्यावर मोठी विद्वान माणसे होती. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत हे आधी शिक्षक होते व पुढे शाळांचे साहाय्यक डेप्युटी इन्स्पेक्टर झाले. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थ्यांच्या निकालावर अनुदान मोजण्याची पद्धत आली आणि तपासणीचा संबंध थेट पैशाशी जोडला गेला. डेप्युटीसाहेब येणार म्हटले की भिंतींना चुना, फळ्याला काळा रंग, हुशार मुले पुढच्या बाकावर आणि चार दिवस घोटून घेतलेला धडा! साहेबांना दिसायचे ते त्या दिवसापुरते सजवलेले रूप. शाळा वर्षाचे उरलेले दिवस कशी चालते, ते त्यांना दिसत नसे आणि शिक्षकही ते दाखवीत नसे. दाखवील कसा? दाखवले तर नुकसान त्याचेच.

त्या भीतीचे अवशेष आजही आहेत. मुख्याध्यापक वर्षातून दोनदा लॉगबुक घेऊन वर्गात येतात. शिक्षकाला आदल्या दिवशी कल्पना असते. त्या दिवशी पाठ टाचण पूर्ण असते, तक्ता भिंतीवर असतो, प्रस्तावना, विषय-प्रतिपादन, उपयोजन आणि गृहपाठ हे सारे क्रमाने पार पडते. लॉगबुकात "अध्यापन समाधानकारक, फलकलेखन सुधारावे" असा शेरा पडतो, खाली शिक्षकाची सही होते आणि दोघेही सुटकेचा निःश्वास टाकतात. यातून शिक्षकाला नवे काय मिळाले? बहुधा काहीच नाही.

आता आपण सर्वांनी, मग ते नियमित महाविद्यालयातून असो किंवा १९८९ साली स्थापन झालेल्या आपल्या नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून असो, बी. एड्. करताना काय केले ते आठवू या. आपण सूक्ष्म अध्यापनाचे पाठ घेतले. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही पद्धत पुढे आपल्याकडे रुजली आणि तिचा भारतीय साचा ठरला: सहा मिनिटे अध्यापन, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुनर्नियोजन, सहा मिनिटे पुन्हा अध्यापन आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. एकूण छत्तीस मिनिटे. यातील प्रमाण ध्यानात घ्या. जितकी मिनिटे शिकवायचे, तितकीच मिनिटे त्यावर बोलणे ऐकायचे. शिवाय एका वेळी एकच कौशल्य! प्रश्न विचारणे असेल तर प्रश्न विचारणेच; फळा, आवाज, हालचाल यांवर त्या दिवशी कोणी बोलायचे नाही.

शिकाऊ असताना सहा मिनिटांच्या पाठाला सहा मिनिटांची चर्चा मिळत होती. नोकरी लागल्यावर पस्तीस मिनिटांची तासिका, दिवसाला सहा-सहा तास, आणि त्यावर बोलणारे कोणीच नाही. वर्गाचे दार लागते ते लागतेच. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला इस्पितळात वडीलधाऱ्या डॉक्टरांच्या मागे फिरावे लागते, गवंड्याच्या हाताखालचा पोरगा ओळंबा धरायला उस्तादासमोरच शिकतो. शिक्षक तेवढा पहिल्या दिवसापासून एकटा असतो.

हा एकटेपणा सर्वांत जास्त कोणाला जाचतो? नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकाला. महाराष्ट्रात ही योजना २००० साली आली. तीन वर्षे मानधनावर काम करायचे आणि समाधानकारक ठरल्यावर नियमित व्हायचे. माध्यमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ मध्ये ८००० वरून १८००० रुपये झाले, ही गोष्ट चांगलीच झाली. परंतु या तीन वर्षांत त्याला शिकवायला शिकवील कोण, हा प्रश्न मानधनाने सुटत नाही. उलट त्याची अडचण अशी की, अडले तरी विचारायची सोय नाही. "मला आठवी ब आवरत नाही," असे तो मुख्याध्यापकांना सांगेल कसा? तेच तर त्याचा अहवाल लिहिणार! खाजगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीप्रमाणे गोपनीय अहवाल दरवर्षी लिहावाच लागतो आणि तो मुख्याध्यापकांच्याच हाती असतो. म्हणून जो माणूस मदत करू शकेल, त्याच्यापासूनच आपली उणीव लपवावी लागते. तीन वर्षे उणीव लपवण्याची सवय लागली की ती पुढची तीस वर्षे सुटत नाही, आणि त्याची किंमत मागच्या बाकावरचे विद्यार्थी मोजतात.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) हे दुखणे ओळखले होते. प्रशासन आणि शैक्षणिक मार्गदर्शन ही दोन कामे वेगळी करावीत, आणि जवळपासच्या शाळांची संकुले करून त्यांनी एकमेकींना मदत करावी, अशी आयोगाची सूचना होती. या आयोगाचे सदस्य-सचिव आपल्या कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. पुढे १९९४ मध्ये महाराष्ट्राने केंद्रशाळांची योजना आखली. ४८६० केंद्रे आणि प्रत्येकाला एक केंद्रप्रमुख. दहाएक शाळांना भेटी देऊन प्राथमिक शिक्षकांना वर्गातच मार्गदर्शन करावे ही कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात काय झाले ते आपण जाणता. कित्येक पदे वर्षानुवर्षे रिकामी राहिली, आणि जे केंद्रप्रमुख होते त्यांचा वेळ माहिती गोळा करण्यात गेला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळा-संकुलाची कल्पना पुन्हा मांडली आहे आणि प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षणही सांगितले आहे. प्रशिक्षणे व्हावीत. पण सभागृहात ऐकलेले वर्गात उतरले की नाही, हे वर्गात गेल्यावाचून कळत नाही.

तेव्हा वरून कोणी येण्याची वाट न पाहता आपल्याच शाळेत काय करता येईल ते पाहू. मुख्याध्यापक म्हणतील, "वेळ कोठे आहे? यू-डायस, सरल, शालार्थ, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराचा हिशेब!" ही तक्रार खोटी नाही. म्हणून आपण सरळ हिशेबच मांडू.

समजा, शाळेत चोवीस शिक्षक आहेत. मुख्याध्यापकांनी रोज दोनच वर्गांत दहा-दहा मिनिटे जायचे ठरवले, तर बारा दिवसांत सर्वांची एक फेरी होते. वर्षाला कामाचे २०० दिवस धरले तर सोळा फेऱ्या. त्यांतील निम्म्या परीक्षा, सभा, निवडणुकीची कामे आणि स्नेहसंमेलन यांत गेल्या असे धरले, तरी प्रत्येक शिक्षकाला आठ भेटी मिळतात. आठ भेटींची ऐंशी मिनिटे. लॉगबुकाच्या दोन पूर्ण तासिकांची सत्तर मिनिटे. म्हणजे प्रत्येक शिक्षकामागे वर्गात बसण्याचा वेळ जवळजवळ तेवढाच! फरक असा की, एका पद्धतीत सजवलेले दोन दिवस दिसतात, तर दुसऱ्या पद्धतीत निरनिराळे आठ दिवस, निरनिराळ्या इयत्ता, सकाळचा पहिला तास आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचा पेंगुळलेला तासही दिसतो. दोन भेटींची वीस मिनिटे, दोन संवादांची दहा मिनिटे, जाण्यायेण्याची पाच. दिवसाला एक तासिका होते. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या वेळापत्रकात ही एक तासिका लिहून ठेवावी आणि त्या वेळी शिपायाने फोनवर "साहेब वर्गावर आहेत" असे सांगावे.

आता दहा मिनिटांत पाहायचे काय? सर्व काही पाहू नये. सूक्ष्म अध्यापनाचा धडा येथे लावावा: एका भेटीत एकच गोष्ट. उदाहरणार्थ, प्रश्न कोणाला विचारले जातात? कागदावर बाकांचा नकाशा काढावा आणि ज्याला प्रश्न गेला त्याच्या जागी खूण करावी. दहा मिनिटांत दिसून येईल की बहुतेक खुणा पुढच्या दोन रांगांत आणि एकाच बाजूला आहेत. शिक्षकाला हे ठाऊक नसते. तो त्या वेळी शिकवण्यात गुंतलेला असतो. किंवा, प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती थांबतो? अमेरिकेतील मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात. तेच तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होतात, गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. मनातल्या मनात तीन आकडे मोजणे, एवढी ती सुधारणा. पण आपण एकच सेकंद थांबतो, हे शिक्षकाला दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागते.

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळांतील मराठीच्या तासाचे एक उदाहरण घेऊ, कारण तो माझा रोजचा विषय आहे. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. 'किताब' स्त्रीलिंगी म्हणून मूल 'माझी पुस्तक' म्हणते. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून 'फळा'चा 'फला' होतो. मूल एक वाक्य बोलते आणि तेवढ्यात तीन ठिकाणी अडखळते. शिक्षक कळकळीने तिन्ही वेळा थांबवून दुरुस्ती करतो. त्याच्या दृष्टीने हे चांगलेच अध्यापन आहे. पण मागे बसलेल्या माणसाला एक वेगळी गोष्ट दिसते. तिसऱ्या दुरुस्तीनंतर तीच मुलगी पुढच्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर देते आणि खाली बसते. तिच्यानंतरची मुलेही एकेका शब्दावर येतात. वर्ग हळूहळू मुका होत जातो आणि ते फळ्याकडे उभ्या असलेल्याला उमगत नाही.

माझ्या परिचयाच्या एका शाळेत नेमका हाच प्रकार एका नव्या शिक्षिकेच्या वर्गात मुख्याध्यापकांच्या ध्यानात आला. मधल्या सुट्टीत त्यांनी एवढेच विचारले, "आपा, तिसऱ्या बाकावरची मुलगी आज काय सांगू पाहत होती?"

त्या म्हणाल्या, "सर, ती बाजारात गेल्याचे सांगत होती. पण खूप चुका करते."

"बाजारात पुढे काय झाले?"

थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, "ते राहूनच गेले, सर."

"उद्या तिला पुरते बोलू द्या. चुका कागदावर टिपून ठेवा आणि शेवटी साऱ्या वर्गाला मिळून सांगा. आठ दिवस करून पाहा. मी पुन्हा येईन, तेव्हा काय फरक पडला ते तुम्हीच मला सांगा."

संवाद संपला. चार मिनिटेही लागली नसतील. यात शेरा नाही, सही नाही, अपमान नाही. एक निरीक्षण, एक प्रश्न, एक सूचना आणि पुन्हा येण्याचे वचन. त्या मुलीला आठवड्यातून जेवढे मराठी कानावर पडते, त्यातले बरेचसे त्या तासिकेतच पडते. पुढे दहावीचा मराठीचा पेपर आहे, त्याही पुढे शासकीय नोकरीच्या परीक्षांत मराठी आहे. ती आज बोलती झाली नाही, तर हे दरवाजे तिच्यासाठी कोण उघडणार?

मात्र येथे एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. नुसत्या फेऱ्या मारून काहीही साधत नाही, प्रसंगी बिघडते. अमेरिकेतील मायामी-डेड जिल्ह्यातील सुमारे शंभर मुख्याध्यापकांच्या दिनक्रमाचा अभ्यास ग्रिसम, लोब आणि मास्टर या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. जेथे मुख्याध्यापक शिक्षकांना प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यात वेळ देत, तेथे विद्यार्थ्यांची प्रगती अधिक दिसली. जेथे नुसतेच वर्गावर्गातून फिरणे होते, तेथे प्रगती उलट कमी दिसली. हायस्कुलांत तर विशेष. शिक्षक त्या फेऱ्यांना आपल्या वाढीचे साधन मानत नव्हते, असेही आढळले. याउलट बोस्टन शहरात पंधरा वर्षे मुख्याध्यापक असलेले किम मार्शल रोज काही वर्गांत पाचेक मिनिटे जात आणि प्रत्येक भेटीनंतर शिक्षकाला गाठून समोरासमोर बोलत. पुढे त्यांनी हीच पद्धत पुस्तकरूपाने मांडली. तात्पर्य, भेटीचे मोल तिच्या पाठोपाठ होणाऱ्या बोलण्यात आहे. ज्या दिवशी बोलायला वेळ नसेल, त्या दिवशी भेटही नको.

म्हणून काही पथ्ये सांगतो. पहिले, या भेटीतील एक अक्षरही गोपनीय अहवालात जाऊ नये. अहवालासाठी लॉगबुकाच्या दोन तासिका आहेत, त्या तशाच राहू द्याव्यात. दुसरे, बोलणे त्याच दिवशी आणि एकांतात व्हावे. शिक्षक-खोलीत चारचौघांपुढे नव्हे आणि विद्यार्थ्यांपुढे तर मुळीच नव्हे. तिसरे, भेटीचा फोटो काढून शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. फोटो आला की तपासणी आली आणि तपासणी आली की सजावट आली. चौथे, चाळीस रकान्यांचा तक्ता भरत बसू नये; मान खाली घालून रकाने भरणाऱ्याला वर्ग दिसत नाही. पाचवे, सूचना एकच द्यावी. पाच सूचना ऐकणारा एकही अमलात आणत नाही.

मुख्याध्यापकांवरच सारा भार टाकावा असेही नाही. आपल्या प्रत्येकाला दिवसात एखादी मोकळी तासिका असते. पंधरवड्यातून एकदा त्यातली दहा मिनिटे सहकाऱ्याच्या वर्गात घालवावीत. जपानात शिक्षकांनी एकत्र बसून पाठ तयार करावा, एकाने तो घ्यावा, इतरांनी वर्गात बसून मुलांकडे पाहावे आणि नंतर चर्चा करावी, अशी प्रथा शंभराहून अधिक वर्षांची आहे. तेथे चर्चेचा विषय पाठ असतो, शिक्षक नसतो. आपल्या संस्थेत गणिताचे शिक्षक विज्ञानाच्या तासाला बसले, उर्दूच्या आपा मराठीच्या तासाला बसल्या, तर एकाच वर्गातील तीच मुले दुसऱ्याकडे कशी वागतात हे कळेल. "आठवी ब माझ्याकडे गोंधळ करते, तुमच्याकडे का करत नाही?" हा प्रश्न लाज न वाटता विचारता येऊ लागला, की त्या शाळेत खरे प्रशिक्षण सुरू झाले असे समजावे.

कोणी म्हणेल, लहानाने मोठ्याच्या वर्गात बसणे शोभते का? आपल्याकडे उस्तादाचा दर्जा मोठा आहे आणि तो राहिलाच पाहिजे. म्हणूनच माझी विनंती आहे की पहिले दार ज्येष्ठांनी उघडावे. मुख्याध्यापकांनी प्रथम स्वतःच्या तासाला शिक्षणसेवकाला बसवावे आणि तास संपल्यावर विचारावे, "माझ्या वर्गात आज कोण गप्प होते?" ज्याने स्वतःचा तास दाखवला, त्याच्या सूचनेचा राग कोणाला येत नाही.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना मी एवढेच विनवितो: मुख्याध्यापकांची ती एक तासिका राखा, तिचा अहवाल मागू नका. मुख्याध्यापकांना विनंती: येत्या सोमवारी फक्त दोन वर्गांपासून आरंभ करा. शिक्षक बंधू-भगिनींना विनंती: कोणी मागच्या बाकावर येऊन बसले तर धडा बदलू नका, जो चालू आहे तोच चालू द्या, आणि दोन आठवडे कोणी आले नाही, तर आपणच जाऊन बोलावून आणा. आणि पालकहो, पालक-सभेत आपण निकाल विचारता, तो जरूर विचारा. पण त्याबरोबर असेही विचारा की, "आमच्या मुलांच्या वर्गात या महिन्यात कोण कोण येऊन बसले आणि त्यातून काय सुधारले?" हा प्रश्न विचारला जातो असे दिसले, की शाळा त्याचे उत्तर तयार ठेवू लागतील.